सहाव्या वाफ्याचं पाणी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गवताला चोरून पाणी घालणं. सोमवारची संध्याकाळ. तिनं तांदळाच्या धुवणाची बाटली ओतली, मी मागून नळी धरली. ती म्हणाली, "अहो, पुरे. बुडवताय का त्याला?" तेवढंच बोलणं.

कतारमध्ये तेव्हा फुटबॉलच्या विश्वचषकाची धांदल होती. लुसैलला स्टेडियम उभं राहत होतं आणि नजर जाईल तिथं हिरवं दिसलं पाहिजे असं कुणीतरी ठरवलं होतं. वाळवंटात! मी समैस्माजवळच्या एका नर्सरीत माळी. सातवी नापास, पण तिथली वाळू वीस वर्षं हातानं चाळलेली. मुलगा इंजिनिअर होऊन तिथंच लागला, त्यानं जवळ दोन खोल्या घेतल्या आणि आईला बोलावून घेतलं.

मग नर्सरीच्या कोपऱ्यात संशोधन आलं. संशोधन म्हणजे ओट्याएवढे सहा वाफे आणि एक पुण्याचा साहेब. डॉक्टर म्हणवायचा, पण माझ्या बोटाला खुरपं लागलं तेव्हा याला चिंधी बांधता येईना. गवताचा डॉक्टर. पहिल्या वाफ्याला भरपूर पाणी, दुसऱ्याला त्याहून कमी, असं उतरत उतरत सहाव्याला थेंब नाही. मला बजावलं, "काका, सहा नंबर वाळू द्यायचा. तेच तर बघायचंय."

पाण्याविना गवत वाळतं का, हे बघायला याला विमानानं आणलं!

घरी सांगितलं तर तिचा घास हातातच राहिला. तिच्या माहेरी रीत होती, तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत जात नाही. दारातल्या ज्या रोपानं मान टाकली असेल, त्याचं ते. म्हणाली, "मुद्दाम तहानलेलं ठेवायचं? आणि त्याला एवढं शिकावं लागतं होय?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली घेऊन नर्सरीत हजर. साहेब चारलाच एसी गाडीत बसून गेलेला असायचा. तिची बाटली नैवेद्यापुरती, पोटभर पाणी मी नळीनं द्यायचो. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. एवढ्या शिकलेल्या माणसाला कळतंय का, ते मला बघायचं होतं.

नाही कळलं.

पाचवा वाफा पिवळा पडला, सहावा हिरवागार. साहेब मातीत सुई खुपसायचा, यंत्र ओल दाखवायचं, आणि हा कपाळाला हात लावून विचार करायचा. शेवटी एक दिवस उड्याच मारायला लागला. "काका, हे गवत समुद्राच्या हवेतला दमटपणा पितंय!"

मी म्हटलं, "पीत असेल साहेब."

वाफ्याच्या कडेला तिच्या चपलांचे ठसे होते. मातीवर धुवणाचा पांढरा पापुद्रा वाळलेला होता. कुत्र्यालाही कळलं असतं. पण ते लॅपटॉपमध्ये नव्हतं, म्हणून याला दिसलं नाही. त्यानं लेख लिहिला, तो छापूनही आला. त्याच्यासारख्याच चौघांनी आधी तपासला म्हणे. चौघांनाही ठसे दिसले नाहीत.

ती म्हणायची, "सांगू नका हो त्याला. लेकराचं हसं होईल." तिला त्याची दया यायची. मला नाही.

घरातही तीच कथा. मुलगा मोबाईलवर नवंनवं संशोधन वाचून दाखवायचा. या महिन्यात चहा हृदयाला वाईट, पुढच्या महिन्यात चांगला. ती म्हणायची, "तुमचं एकदा ठरू दे रे, तोवर मी पिते." रोज चालणाऱ्याचं हृदय ठणठणीत राहतं म्हणे. ती रोज नर्सरीपर्यंत चालत यायची, चालत जायची. त्या सोमवारी परत आलो, दारात चपला काढताना ती भिंतीला टेकली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत खलास. डॉक्टर म्हणाला, हृदय.

मंगळवारी सकाळी मुलगा तिला गावी न्यायच्या कागदांसाठी बाहेर पडला. घरात चूल पेटणार नव्हती. तरी मी वाटीभर तांदूळ घेतले, धुतले, पाणी बाटलीत भरलं आणि नर्सरीत गेलो.

वाफ्यांपाशी स्टेडियमकडची माणसं आली होती, चकचकीत बूट घालून. साहेब त्यांना सहावा वाफा दाखवत होता. हे गवत पसंत पडलं तर याचं सोनं होणार होतं. मला बघून जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "काका, काकूंचं कळलं. तुम्ही कशाला आलात? घरी जा, इथं कुणाची गरज नाही." आणि वळून पाहुण्यांना हिंदीत सांगायला लागला, "इसको किसीने एक बूंद पानी नहीं दिया।"

किसीने नहीं. एकच रात्र झाली होती तिला जाऊन.

मी दोन बुटांच्या मधून पुढं झालो, बूच काढलं आणि धुवण ओतलं.

"अहो काका, हे काय करताय?"

"रोज होतं तेच. आज ती नाही, म्हणून मी."

त्याची नजर वाफ्याकडे, मग कडेच्या ठशांकडे गेली. पहिल्यांदाच. मी थांबलो नाही. नळी ओढत आणली, पाहुण्यांना म्हटलं बूट मागं घ्या, आणि वाफ्याला पोटभर पाणी दिलं.