दही न खाता कारंज्याला

इंझोरी ते कारंजा हा माझा पहिला प्रवास कापसाच्या ढिगावर बसून झाला. मी सहा वर्षांची, पहिलीत. गुरुजींनी शाळेला कारंज्याची आगगाडी दाखवायचं ठरवलं आणि बाजाराला कापूस घेऊन निघालेल्या दोन बंड्या (बैलगाड्या) गाठल्या. आईबापांनी यायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. मी तोवर मायशिवाय विहिरीपर्यंतसुद्धा गेले नव्हते.

निघताना मायनं तळहातावर दही घातलं. गावाला निघालेल्या माणसानं ते चाटायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. पण मला दह्याचा भारी तिटकारा. आंबट जिभेला लागलं की अंगावर काटा यायचा. मायची पाठ वळताच मी हात खाली केला आणि आमच्या काळ्या कुत्र्यानं तो लख्ख चाटून दिला. मी उगाच तोंड पुसलं आणि ऐटीत बंडीवर चढले.

नाल्यापर्यंत काळ्या मागे आला. तिथं गाडीवानानं हुसकलं, तसा तो परत फिरला. माझ्या शेजारी चौथीतली शांता बसली होती. शांतेला जगातलं सगळं ठाऊक असे.

"त्याच्या तोंडाले पांढरं काय लागलं वं?"

"दही. माह्या हातावरचं."

शांता कापसात उठून बसली. "तू नाई खाल्लं? अवं बेबी, दही कायले देतात? माणूस वापस यावा म्हणून. ज्यानं खाल्लं तो येते. पाय, काळ्या चालला ना वापस?"

पुरावा डोळ्यांसमोर दुडक्या चालीनं गावात शिरत होता. मी भोकाड पसरलं. पुढच्या बंडीवरून गुरुजींनी विचारलं, "काय झालं तिले?"

"पोट दुखून राह्यलं तिचं," शांतेनं परस्पर सांगून टाकलं.

गुरुजींनी ओव्याची पुरचुंडी मागे धाडली. दोन कोस मी ओवा चघळत रडले.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर उभी होती. बोरी लगडलेल्या दिसल्या की पोरं उड्या टाकायची आणि खिसे भरून परत बंडी गाठायची. मी मात्र वाटेतलं एकेक झाड ध्यानात ठेवत होते, पायी परतायची वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून. कारंज्याची वेस येईपर्यंत बोरी सोडल्या तर सगळी बाभळीच निघाली.

कारंज्यात उतरलो तेव्हा आमच्या केसांना, झग्यांना, पापण्यांना कापूस चिकटला होता. एका दुकानदारानं मान बाहेर काढली. "गुरुजी, पोट्टे हायेत का मेंढरं?"

"दोन्हीही हायेत," गुरुजी म्हणाले.

जैन मंदिरातलं कोरीव लाकूडकाम पाहताना गुरुजी 'हात लावू नका' यापलीकडे काही बोलल्याचं मला आठवत नाही. मग स्टेशन. इंजिन आलं, त्यानं शिट्टी फुंकली आणि गुरुजींसकट सगळी शाळा चार पावलं मागे सरली. मी ते धड पाहिलंच नाही. माझं लक्ष स्टेशनाबाहेर मडकं घेऊन बसलेल्या म्हातारीकडे होतं. मडक्यात दही होतं.

बाकीच्यांनी लिंबाखाली शिदोऱ्या सोडल्या, भाकर-झुणक्याचा वास सुटला. मी हळूच सटकले.

"आजी, मले दही द्या. हातावर द्या."

"हातावर काहून? वाटी नाई आणली?"

मी काळ्यापासून सगळी हकिकत सांगितली. म्हातारी हसली नाही. माझ्या केसांतला कापूस काढत तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बोटभर दही तळहातावर घातलं. "खाय. जाशीन मायजवळ."

डोळे मिटून गिळलं. अंगावर काटा आला, पण जिवात जीवही आला. मी उड्या मारत झाडाखाली परतले आणि शांतेला ही बातमी सांगितली. हीच चूक झाली.

शांता भाकर चावता चावता थांबली. "बेबी, हे दही तं कारंज्याचं हाये. जिथलं खाल्लं तिथंच वापस या लागते माणसाले."

म्हणजे मी घरी जाणार नव्हते ते नव्हतेच, वर कारंज्याला परत येणार होते. मी पुन्हा गळा काढला. गुरुजींनी पुन्हा ओवा दिला.

परतीला बंड्या रिकाम्या होत्या आणि हाडं खिळखिळी होत होती. पोरं एकमेकांच्या अंगावर झोपली. मी शांतेची वेणी मुठीत धरून जागी राहिले. माय पुन्हा दिसणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दिवेलागणीला नाला आला. काठावर माय उभी होती आणि तिच्या पायाशी काळ्या.

पाणी घेऊन जाणारी शेजारीण थांबली. "बेबे, सकायपासून इथंच हाये तुही माय. भाकर बी नाई खाल्ली तिनं."

मायनं मला खाली उतरवलं आणि हातपाय चाचपून पाहिले. "काळ्या घरी आला तं त्याच्या थोबाडाले दही," ती म्हणाली. "तू नव्हतं ना खाल्लं?"

"खाल्लं. कारंज्यात."

माय हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. मग एवढ्या मोठ्या घोडीला कडेवर घेऊन ती घरापर्यंत चालली.

पुढं वयात आल्यावर मला स्थळ आलं, ते कारंज्याचं. आज इतकी वर्षं मी इथंच आहे. लग्नात शांता माझ्या कानाशी लागून म्हणाली, "म्या सांगतलं होतं."

सासरी निघताना मायनं हातावर दही घातलं. म्हातारा काळ्या शेजारी आशेनं बसला होता. मी त्याला एक थेंबही दिला नाही. मायच्या देखत तळहात चाटून कोरडा केला.