मेबलची पिल्लं

आयडेला क्रॉसन दिसायला रुक्ष आणि बोलायला त्याहून रुक्ष. आयोवातल्या बेल्कनॅप गावात शाळेच्या स्वयंपाकघरात तिने अख्खी हयात काढली. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर थोरला भाऊ लायल आणि ती, दोघंच घरात उरले. लायलला साखरेचा आजार होता, पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. ती धुऊन पट्टी बांधायचं काम आयडेलाचं, आणि बांधून होईस्तोवर टोमणे मारायचं काम लायलचं.

तिचा जीव अडकला होता तो मागच्या शेडमधल्या मेबलमध्ये. ईस्टरला कुणीतरी हौसेने घेतलेली आणि हौस फिटल्यावर रस्त्याकडेला टाकून दिलेली ही राखाडी सशीण. आयडेलाने घरी आणली तेव्हाच पोटुशी होती. तिला वाळल्या गवताची पेटी करून दिली, तर तिने आपल्याच छातीचे केस उपटून आत गादी केली आणि डोळे मिटलेली, लालबुंद पिल्लं घातली.

"आई फिरकत नाही गं पिल्लांकडे," लायल म्हणाला. "तुझ्यासारखीच कोरडी निघाली."

"सशीण दिवसातून एकदा-दोनदाच पाजते. पोटं बघ त्यांची, कशी टम्म आहेत. आणि तू हात लावायचा नाहीस."

हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर बरं झालं असतं.

रविवारी लायलचे मित्र पत्ते खेळायला आले. आयडेला आत ॲपल पाय कापत होती, तेवढ्यात शेडमधून हशा ऐकू आला. ती धावली. लायलने मेबलला कान धरून वर उचललं होतं.

"या, बघा आमच्या आयडेलाची लेक! स्वतःला पोरं झाली नाहीत, म्हणून ही आणलीय!"

"कान सोड, लायल! बुडाखाली हात दे! पाय झाडले तर पाठ मोडते तिची!"

"असं?" तो म्हणाला, आणि गंमत म्हणून त्याने तिला एक हिसका दिला.

मेबलने जिवाच्या आकांताने पाय झाडले. काडी मोडल्यासारखा आवाज आला. मागचे पाय चिंध्यांसारखे लोंबू लागले. मित्र मागे सरकले. लायल तेवढा हसत राहिला.

आयडेला जनावरांच्या डॉक्टरांना फोन करायला घरात धावली. परत येईपर्यंत लायलने मेबलची मान मुरगळून कातडं काढायला घेतलं होतं.

"सुटली बिचारी. वाया कशाला घालवायची?"

संध्याकाळी त्याने गाजरं-बटाटे घालून शिजवलेला सागुतीचा रस्सा टेबलावर ठेवला. "बस ना. आई अस्साच करायची." आयडेला उभ्याने बघत राहिली. तो एकेक हाड चोखत होता. तिच्या ॲप्रनच्या खिशात, अंगाच्या उबेला, पिल्लं वळवळत होती.

ड्रॉपरने दूध पाजून, ओल्या बोळ्याने पोट चोळून तिने त्यांना जगवायची पराकाष्ठा केली. तरी एकेक जात राहिलं. "आज कुणाला पुरलंस?" लायल नाश्त्याला विचारायचा. अखेर एकच वाचलं. ते गवत कुरतडायला लागलं, त्या दिवशी आयडेलाने ते टोपलीत घातलं, कपड्यांची बॅग उचलली आणि लाँड्रीवरच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

लायलचा फोन आला. "अगं, पायाला वास यायला लागलाय. पट्टी कोण बांधणार?"

"तुझे पत्त्यांतले मित्र आहेत की."

"आयडेला, मी भाऊ आहे तुझा."

"माहितीये," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पट्टी बांधायला एकही मित्र आला नाही. पाय गुडघ्यापासून कापावा लागला, मग दुसराही. गावाने आयडेलाला नावं ठेवली. चर्चमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. लायलची रवानगी वृद्धाश्रमात झाली. तिथे ती एकदाच गेली. लायल खाटेवर पडून होता, नर्सने त्याला कुशीवर वळवून ठेवलं होतं.

"आलीस?" त्याचे डोळे भरून आले. "मला घरी ने गं."

"न्यायला नाही आले," आयडेला म्हणाली. "बघायला आले."

खुर्ची ओढून ती बसली. त्याचं रडणं थांबेपर्यंत बघत राहिली, मग कोट घातला आणि निघाली. आपल्याला बरं वाटेल अशी तिची खात्री होती. बसथांब्यावर तिने बराच वेळ वाट पाहिली. बसही आली नाही, आणि बरंही वाटलं नाही.