मॅडमची फोनवरची परीक्षा

शारजात माझ्या लेकीच्या शाळेत इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांचा वेगळा वर्ग होता. त्यातून कुणाला कधी सोडायचं, हे त्या वर्गाच्या मॅडम एकट्याच ठरवायच्या. गळ्यात चष्म्याची साखळी, तोंडात लवंग आणि काहीही विचारा, "नेक्स्ट टर्म, इन्शाल्ला!" माझी लेक सगळे पेपर पास होऊनही तिथंच अडकलेली.

"पेपर का क्या है? बच्चा घर में क्या सुनता है, वो देखो," म्हणायच्या. आणि ते बघायला बाई चक्क संध्याकाळी घरी फोन करायच्या!

आमच्याकडेही आला. लेक झकास इंग्रजीत बोलत होती आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अगं, कुणाचा फोन आहे? इकडे भाजी करपतेय!"

दुसऱ्या दिवशी मॅडम हसून म्हणाल्या, "मराठी बहुत है घर में. नेक्स्ट टर्म."

मस्तकात तिडीक गेली. तरी त्या दिवसापासून फोन वाजला की लेकच उचलायची आणि मी तोंड मिटून बसायचे.

एकदा पुण्याहून आईनं फोन केला. तिला नुसतं लेकीचं इंग्रजी ऐकू आलं, माझा आवाज नाहीच. "सॉरी, राँग नंबर," म्हणून आईनं ठेवूनही दिला.