पावणेसहाचा फोन

देवावर माझी श्रद्धा होती, पण त्या दीड वर्षात मला देवाची भीती वाटायला लागली होती. हे लिहितानाही हात अडखळतो. तरीही तिथूनच सुरुवात केली नाही तर पुढचं सगळं खोटं वाटेल.

माझे पती झोपेत गेले. आदल्या दिवशी त्यांचं काहीही दुखलं-खुपलं नव्हतं. आम्ही वरवंडला राहतो. घराच्या पुढच्या खोलीत आमचं दूध संकलन केंद्र आहे आणि सहाच्या ठोक्याला लोक किटल्या घेऊन दारात येतात. त्या दिवशी ते उठले नाहीत म्हणून मी चहा घेऊन गेले, खांद्याला हात लावला, तर अंग गार होतं. बाहेर किटल्या वाजत होत्या आणि मी कप हातात धरून तशीच उभी होते.

त्यानंतर माझं सकाळचं उठणं बंद झालं. झोप लागत नव्हती असं नाही. जाग तर रोज वेळेवर यायची, पण डोळे उघडायचे नाहीत. डोळे मिटलेले आहेत तोवर घरात काही घडलेलं नाही आणि ते उघडले की काहीतरी दिसणार, असं मनानं घेतलं होतं. शेजारी माझी चौदा वर्षांची मुलगी झोपायची. तिचा श्वास ऐकू येतो का, म्हणून मी कान लावून पडायची. पंख्याच्या आवाजात तो ऐकू आला नाही की माझे तळहात घामानं भिजायचे. नुसती मान वळवून बघायचं होतं, पण तेवढंही जमत नव्हतं. मग ती आपली आपण उठून चूळ भरायला गेली, की मला रडू यायचं. तरी पाय जड ते जडच. नऊ-नऊ वाजायचे. केंद्र सासूबाई सांभाळायच्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या मला कधी बोलल्या नाहीत, पण दुधाला येणाऱ्या बायकांची कुजबुज मला आतपर्यंत ऐकू यायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी थोडं बरं वाटायचं, पण पहाट झाली की ती भीती उशाशी येऊन बसलेलीच असायची.

एकदा मुलीला ताप आला. पहाटे तिनं हाक मारली, “आई, पाणी दे ना.” मी जागी होते आणि तिचा आवाजही ऐकत होते, तरी मला उठता आलं नाही. शेवटी आत्यांनी येऊन तिला पाणी पाजलं. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली. संध्याकाळी दिवा लावताना देवघरातल्या बिरोबाच्या टाकासमोर मी प्रथमच तोंड उघडलं. नवस बोलले नाही की गाऱ्हाणं घातलं नाही. एवढंच म्हणाले, “माझ्यानं आता उठवत नाही. तुला उठवायचं असेल तर उठव. मी सोडून दिलं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला फोन वाजला. एवढ्या पहाटे आलेला फोन कधी चांगली बातमी आणत नाही. माहेरी आईला काही झालं का, या एकाच विचारानं मी धडपडत कोनाड्यापाशी गेले आणि फोन कानाला लावला.

“उठली का गं बाय?” म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. मागे कुठेतरी घंटा वाजत होती.

“कोण बोलतंय?”

मग आवाज आला, “उठली न्हवं? तोंड धू, देवाला हात जोड. ठेवतो.”

फोन बंद झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी फरशीवर उभी आहे. मान वळवून मी मुलीकडे पाहिलं. ती तोंडावर हात टाकून झोपली होती.

त्यानंतर रोज त्याच वेळेला फोन येऊ लागला. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, “आबा, तुमचा नंबर चुकतोय. मी तुमची लेक नाही.” ते म्हणाले, “व्हय, व्हय. उठलीस न्हवं?” मला वाटलं, यांना कमी ऐकू येत असावं. हळूहळू एकेक कळत गेलं. इनामगावच्या अलीकडे घोड नदीच्या काठाला बिरोबाचं देऊळ आहे, तिथली पूजा ते करतात. घरातले सगळे पूर्वी मेंढरं राखायचे, आता शेती आहे. भीती माझी गेली नव्हती. पण फोन वाजेल म्हणून मी आधीच डोळे उघडून पडायला लागले. महिनाभरात केंद्रावर आत्यांच्या शेजारी बसायलाही लागले.

मग एक दिवस ते बोलता बोलता म्हणाले, “वाटंवर उसात बिबट्या हाय म्हणत्यात. पर पूजा थोडीच थांबती.” आणि पुढच्याच आठवड्यात एका पहाटे फोन आला नाही.

मी वाट पाहिली. सहा वाजून गेले. मी लावला तर त्यांचा फोन बंद. अंगावरचं पांघरूण पुन्हा जड व्हायला लागलं. डोळे मिटले तर समोर ऊस आणि त्या उसातली वाट. पुन्हा एक माणूस सकाळीच जाणार आणि मी पडूनच राहणार, हे मनात आलं आणि कशी कोण जाणे, मी उठले. कुणी उठवल्याशिवाय उठण्याची दीड वर्षातली ती पहिली सकाळ.

आत्यांना सगळं सांगितलं. माझ्या तोंडाकडे पाहत त्या म्हणाल्या, “जा. दुधाचं मी बघते. पोचलीस की फोन कर.”

चौफुल्याहून न्हावऱ्यापर्यंत जीप मिळाली, पुढं दुसरी. शेवटची वाट चालत जायची होती. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. पान हललं तरी माझे पाय थिजायचे. देऊळ दिसलं तेव्हा साडी घामानं अंगाला चिकटली होती. एक बाई अंगण झाडत होती.

“इथले आबा...” एवढंच मला बोलता आलं.

“ते घरात हायेत. तुम्ही कोण?”

मी पायरीवरच बसले आणि आत्यांना फोन लावला.

आबा आदल्या संध्याकाळी नदीच्या पायऱ्यांवरून घसरले होते. आत गेले तर त्यांच्या मनगटाला प्लास्टर होतं, आणि फोन पाण्यात गेला होता. झाडणारी बाई त्यांची लेक, शिरूरहून आलेली. मी माझा नंबर सांगितला तशी ती चकित झाली. “हा तर माझा जुना नंबर. मी कवाच बंद केलाय. आबा, तुम्हाला तवाच सांगितलं हुतं की.”

मी बाजेवरच्या त्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. “आबा, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“व्हय. पैल्याच दिशी कळलं. आवाज दुसरा हुता.”

“मग रोज फोन कशाला केलात?”

त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. “तुझा आवाज कापत हुता. येवढ्या पहाटं येखादी बाई येवढी भ्यालेली. म्हणलं, बिरोबानं नंबर लावून दिलाय तर आपुन कशाला तोडायचा? इचारायचं काय न्हवतं मला. तू उठलीस, येवढं कळलं की बास.”

निघण्यापूर्वी मी गाभाऱ्यात गेले. नवरा का नेलास, हे विचारायचं दीड वर्ष मनात साठवलेलं होतं. तिथं उभी राहिले आणि ते विचारलंच गेलं नाही. डोकं टेकवलं, पोटभर रडले, भंडारा कपाळाला लावला. बाहेर आले तर आबांच्या लेकीनं चहा ठेवला होता.

लेकीनं बंद केलेला जुना नंबर कंपनीनं मला दिला होता, फोन एका म्हाताऱ्याचा होता, हे मला कळतं. मी कुणाला चमत्कार म्हणून सांगत नाही. पण मी ज्या संध्याकाळी हात टेकले, तिच्या दुसऱ्याच पहाटे त्या माणसाच्या हातून तो जुना नंबर दाबला गेला, आणि चूक कळूनही त्यानं मला सोडलं नाही. मला तेवढं पुरतं. गोळ्या चालू आहेत. भीती अजूनही काही दिवशी येते. पूर्वी मी तिच्या जाण्याची वाट बघत पडायची. शरण जायचं तर आधी निर्भय व्हावं लागतं, असं मी समजत होते. आता भ्यालेलीच उठते, भ्यालेलीच हात जोडते, आणि दार उघडून पहिली किटली आत घेते.