व्हय म्हणणारे पेशंट

आम्ही चार निवृत्त नर्सा एकत्र बसलो की चहा गार होतो आणि वॉर्ड सुरू होतो. एकीनं एक किस्सा सांगितला की दुसरीला दोन आठवतात. माझे बहुतेक सगळे सोलापूरच्या एकाच मेडिकल वॉर्डातले, सत्तरच्या दशकातले, मी शिकत होते तेव्हाचे. पहिला माझ्याच फजितीचा आहे. तो लपवला तर पुढचे सांगता येणार नाहीत, म्हणून सांगून टाकते.

*

औषधाचा ट्रे हातात मिळून मला जेमतेम आठ दिवस झाले होते. त्याआधी ताप बघा, अंथरुणं बदला, सिरिंजा उकळा. ट्रे मिळणं म्हणजे मान! मी ऐटीत एका म्हाताऱ्या बाबांपाशी गेले आणि गोड आवाजात विचारलं, "तुम्हीच पवार ना?"

"व्हय," बाबा म्हणाले.

मी साखर उतरवणारी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. तेवढ्यात मागून वॉर्डच्या प्रमुख हिरेमठ सिस्टरांचा हात आला आणि गोळी उचलली गेली. पवार पलीकडच्या खाटेवर होते. हे मोडनिंबचे माने, हृदयाचे पेशंट, त्यात सकाळपासून उपाशी. ती गोळी पोटात गेली असती तर बाबा घामाघूम होऊन बेशुद्ध पडले असते, कदाचित उठलेही नसते.

मग व्हय का म्हणालात, असं सिस्टरांनी त्यांना विचारलं. बाबा शांतपणे म्हणाले, "पोरगी येवढी मायेनं इचारतीया, न्हाय कसं म्हनायचं?"

सगळा वॉर्ड हसला. मी नाही हसले. सिस्टरांनी ट्रे काढून घेतला. म्हणाल्या, "पेशंट व्हय म्हणतो ते तुझ्या टोपीला, तुझ्या प्रश्नाला नाही. हे कळेल तेव्हा ट्रे मिळेल." परीक्षेआधी तो मिळाला नाही तर त्या माझ्या कामावर सही करणार नव्हत्या, आणि सही नाही म्हणजे सगळं वर्ष पुन्हा. तोवर माझं काम एकच. घरी जाणाऱ्या पेशंटला औषधं समजावायची आणि त्याच्याकडून सगळं परत वदवून घ्यायचं. नुसत्या 'व्हय'वर कुणाला सोडायचं नाही. अक्कलकोटकडच्यांच्या कानडी 'हौदु'वरही नाही. सिस्टरांच्या घरची भाषा कानडी, त्यामुळं तिथंही सुटका नव्हती.

*

केम गावच्या एका बाईला मी पढवलं, "जेवणानंतर एक, दिवसातून तीन गोळ्या." तिनं पोपटासारखं म्हणून दाखवलं. मी खूश. पंधरा दिवसांनी ती आली तर तिसऱ्या हिश्शाच्या गोळ्या शिल्लक.

विचारलं तर माझ्याकडंच बघत राहिली. "बाई, आमी शेतावरची मान्सं. दोनदा जेवतो. तिसरं जेवान कुटनं आनू?"

त्या दिवसापासून मी आधी पेशंटला तो किती वेळा जेवतो ते विचारायला लागले, आणि मग गोळीचं सांगायला.

*

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या नरसव्वाच्या घरी घड्याळ नव्हतं. माग चालवणारं तेलुगू कुटुंब, घड्याळ नसलं तरी मिलचा भोंगा घरात ऐकू यायचा. मी डोकं लढवलं. सकाळच्या भोंग्याला एक गोळी, संध्याकाळच्या भोंग्याला एक. सिस्टरही मान हलवून गेल्या, म्हणजे आमच्याकडं ते पदकच!

पुढच्या वेळी हिशेब लागेना. दर आठवड्याला दोन गोळ्या जास्त उरत होत्या. नरसव्वालाच माझं आश्चर्य वाटलं. मिलला सुट्टी असते त्या दिवशी भोंगा कसा होणार, आणि भोंगा नाही तर गोळी कशी घ्यायची?

सिस्टरांनी मान हलवली होती याची मी त्यांना आठवण करून दिली नाही. इतकी अक्कल तोवर आली होती.

*

नातेपुत्याच्या एका क्षयाच्या पेशंटचं उलटं. त्याच्या गोळ्या महिनाभर पुरायला हव्या होत्या, त्या पंधरा दिवसांत संपायच्या. मी रागावले. तो ओशाळून म्हणाला, "धाकला भाऊ बी खोकतोय. घरात आलेलं एकट्यानं कसं खायचं?"

मी तोंड उघडणार तोच सिस्टरांनी मला गप्प केलं आणि त्याला फक्त भावाला घेऊन यायला सांगितलं. भावाचा एक्स-रे काढला, तर त्यालाही क्षय. दोघांना आपापल्या गोळ्या मिळाल्या. पुढं दोघंही बरे झाले. त्या दिवशी मला या कामाचा पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि ट्रेचं दुःख थोडं कमी झालं. थोडंच. परीक्षा महिन्यावर आली होती.

*

त्याच सुमाराला मानेबाबा पाय सुजून पुन्हा दाखल झाले. मी रोज त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसायचे. गोळी द्यायला कुणीही आलं तरी आधी आपलं नाव विचारायला सांगायचं, मग गोळी बघायची, हे त्यांच्याकडून घोकवून घ्यायचे. बाबांना ते पटेना. मोठ्या माणसाला उलटं विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं.

एका दुपारी दोन नर्सा रजेवर होत्या, जमिनीवरही पेशंट होते आणि सिस्टर सलग दुसरी ड्यूटी करत होत्या. ट्रे त्यांच्याच हातात. मानेबाबांपुढं गोळी धरून म्हणाल्या, "घ्या बाबा."

बाबांनी हात पुढं केला नाही.

"आदी माजं नाव इचारा की."

सिस्टरांना असं कुणी बोललेलं आम्ही ऐकलं नव्हतं. सिस्टरांनी नाव विचारलं.

"ज्ञानू बापू माने. रानार मोडनिंब. माजी गोळी बारकी, पांढरी. ही पिवळी हाय. ही कशाची?"

सिस्टरांनी गोळी बघितली, कागद बघितला, पुन्हा गोळी बघितली. ती परत ट्रेमध्ये ठेवली.

"चुकले बाबा," त्या सगळ्या वॉर्डासमोर म्हणाल्या. मग विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

बाबांनी हनुवटीनं मला दाखवलं आणि घाबरून म्हणाले, "तिला रागं भरू नगा. मीच तिचं लई डोकं खाल्लंय."

सिस्टरांनी ट्रे माझ्या हातात दिला आणि त्या स्टुलावर बसल्या. मी पुढच्या खाटेकडं निघाले.

"तिकडं कुठं? इथून सुरू कर."

मी वळले. "बाबा, तुमचं नाव काय?"

बाबांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या खेपेला आजोबांच्या नावासकट.