बंपरवरचा बिल्ला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्ही सहज विचारलंत — गाडी घेतोय, रस्त्यात बंद पडली तर माणूस पाठवणाऱ्या त्या मोटार क्लबचं मेंबर व्हावं का? — आणि माझं डोकंच फिरलं. मला कसलं विचारता? अंबरनाथच्या आमच्या अख्ख्या फॅक्टरीला मेंबर करत सुटलेला माणूस मी!

बदलापूरच्या रस्त्यावर तेव्हा गाड्या अशा कितीशा? पण एक रीत होती. गाडी बंद पडली की झाडाची फांदी तोडून मागे रस्त्यावर टाकायची. ती दिसली की येणाऱ्याने थांबायचंच — ओळख असो नसो. मी सेकंडहँड मॉरिस घेतली, क्लबचा पितळी बिल्ला बंपरवर ठोकला आणि मला शिंगं फुटली. फांद्या टाकतात ते अडाणी, आपण मेंबर.

निर्वासितांच्या कॅम्प चारमध्ये परमानंद रेडिओ दुरुस्त करायचा. फाळणीत सगळं तिकडे टाकून आलेला. पण हात असा की मेलेला रेडिओ बोलायला लागावा. रेडिओ पोचवायला त्याची एक खटारा व्हॅन होती. त्याच्या दुकानात मी ऐटीत म्हटलं, मेंबर हो. तो हसला. "साईं, सडक पर तो सब मेंबर हैं." दुकानातली माणसंही हसली. झोंबलं मला. पुढे जे केलं त्याचं कारण म्हणाल तर एवढंच.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, बदलापूरच्या रस्त्यावर कात्रप गावाच्या अलीकडे फांदी. पुढे त्याची व्हॅन, चाक बसलेलं. जॅक हवा, असं त्याने लांबूनच हाताने दाखवलं. माझ्या डिकीत जॅक होता. मी गाडी हळू केली — तो धावत आला — आणि मी खिडकीतून हात काढून बिल्ल्याकडे बोट दाखवलं. हसून! आणि निघून गेलो. याला काय म्हणायचं? मी तर हलकटपणाच म्हणतो.

मग त्याने वासा घालून व्हॅन उचलली, खाली दगड रचले. दगड सरकला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. रेडिओचं काम संपलं.

आणि मी काय केलं? ऑफिसात सांगत फिरलो — परमानंदचं बघा, मेंबर असता तर ही वेळ आली असती का? लोक पटापट मेंबर झाले. मी न थांबता गेलो हे तो मात्र कुणाकडे एका शब्दाने बोलला नाही. त्याच्या त्या गप्प राहण्याचा मला संताप यायचा. त्याचा, बरं का — माझा नाही!

दोन वर्षांनी त्याच रस्त्यावर माझं चाक बसलं. जॅकचा आटा गेलेला. क्लबला फोन करायचा तर स्टेशनपर्यंत पायपीट. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी फांदी तोडली. रस्त्यावर टाकली.

पहिली आली ती त्याचीच व्हॅन. थांबली. तो उतरला, बिल्ला बघितला, मला बघितलं. स्वतःचा जॅक काढला. उरलेल्या दोन बोटांनी एकेक नट पिळून घट्ट केला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सांगितलं — काल गाडी पंक्चर झाली होती, क्लबचा माणूस अर्ध्या तासात हजर.