अनुदानासाठी रिकामं केलेलं घर

माझं माहेर इंदापूरकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. लोणी भापकरला दिल्यावर आईने डोळ्याला पदर लावला होता, कारण कालव्याकाठी वाढलेली पोर कोरडवाहू गावात कशी राहणार. मी राहिले, आणि मजेत राहिले. त्याचं निम्मं श्रेय माझ्या थोरल्या जावेला. तिला मी आक्का म्हणायचे.

सासरचं घर मूळचं मेंढपाळांचं. नव्वदच्या दशकात माझे यजमान बारामती एमआयडीसीत कामाला लागले, पण थोरल्या दिरांनी मेंढरं सोडली नव्हती. दिवाळी झाली की मेंढरांचा तांडा, ज्याला आमच्याकडे वाडा म्हणतात, तो कोकणच्या वाटेला लागायचा. घोडीवर संसार लादून आक्का मागे, आणि आक्काच्या मागे तिच्या दोन मुली. पावसाच्या तोंडावर परत. त्यामुळे मुलींची शाळा म्हणजे हजेरीपटावरची नावं, बाकी काही नाही. थोरली चांगली उंच झाली तरी दुसरीच्या वर्गात लहानग्यांबरोबर बसायची, आणि त्या लाजेने शाळेचं नाव काढलं की रडायची.

त्या वर्षी आक्काने मनाशी ठरवलं, यंदा वाड्याबरोबर जायचं नाही. तिच्या शेवयांना मागणी होती. एमआयडीसीतल्या कामगारांच्या बायका बारामतीत एकेका खोलीत राहत. वाळवण घालायला त्यांना अंगण कुठलं? पण आक्काचं यंत्र हाताने फिरवायचं. खांदा भरून येईपर्यंत फिरवलं तरी घर चालण्याइतक्या शेवया काही निघत नसत. मोटरवरचं यंत्र हवं होतं. दिरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिवाळीपातूर मिशीन आली तर ऱ्हावा हितं. न्हाय आली तर घोडीमागं चालायचं. मग कुरकुर न्हाय पायजे."

दूध डेअरीच्या भिंतीवर लहान उद्योगांना सरकारी अनुदान असल्याचा कागद चिकटवलेला होता. तो मी वाचला आणि वाचल्याची शिक्षा म्हणून सगळी पळापळ माझ्या गळ्यात पडली. घरात दहावी झालेली मी एकटीच. रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, ग्रामपंचायतीचं ना हरकत, दुकानदाराकडून यंत्राच्या किमतीचा कागद. एक आणला की दुसऱ्याची मुदत संपलेली. सरकारी काम, सहा महिने थांब, हे मी ऐकून होते. आक्काने बहुतेक ऐकलंच नव्हतं. कारकून "उद्या या" म्हणाला की ती खरोखरच दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हजर. उद्या हा शब्द इतका मनावर घेणारं माणूस त्या कचेरीने पाहिलं नसावं. आणि गेल्यावर "कधी मिळंल?" असं ती विचारायची नाही. "आता काय कमी हाय?" एवढंच विचारायची. माझ्या नाकी नऊ आले होते. तिचा पदरसुद्धा ढळला नव्हता.

सगळे कागद पुरे झाल्यावर निरोप आला की घराची पाहणी करायला साहेब येणार आहेत.

इथे आमच्या आळीने घोळ घातला, आणि तो अगदी प्रेमाने घातला. आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे येणार असले की घर सजवायचं काम एकट्या घराचं नसतं. कुणी खुर्च्या देतं, कुणी कपबश्या, कुणी सतरंजी. पाहुण्यांसमोर घर उघडं दिसलं तर साऱ्या आळीची मान खाली जाते. सासूबाईंचं तर म्हणणंच होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची." साहेब येणार म्हटल्यावर कुणाला काही सांगावंही लागलं नाही. सकाळपासून वस्तू येत राहिल्या. लोखंडी खुर्च्या आल्या, टेबलफॅन आला, स्टीलच्या डब्यांची उतरंड आली, गॅसची शेगडी आली, आणि शेवटी दोघांनी धरून एक टीव्ही आणला. अँटेना नव्हती, पण वर विणलेला रुमाल होता. आक्काच्या पत्र्याच्या दोन खोल्या अशा दिसू लागल्या की मलाच तिथे बसायचा संकोच वाटू लागला.

साहेब आले. माणूस सभ्य होता. त्यांनी चहा घेतला, फॅनचा वारा खाल्ला, टीव्हीकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं आणि पेन उघडून तसेच बसून राहिले.

"ताई," ते म्हणाले, "हे अनुदान गरजू घरासाठी आहे. तुमच्याकडे टीव्ही आहे, गॅस आहे. मी तुम्हाला गरजू कसं लिहू?"

दीर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आळीतल्या बाया अंगणात उभ्या होत्या, आणि कोपऱ्यात दोघी मुली तेल लावून, वेण्या घालून.

आक्का म्हणाली, "सायेब, ह्यातलं आमचं काय बी न्हाय. तुमी येणार म्हून शेजाऱ्यांनी दिलंय."

साहेब हसले. "सगळे असंच म्हणतात, ताई."

बरोबरच होतं त्यांचं. आक्का अंगणाकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "बायांनो, ज्याची त्यानं वस्तू उचला. आत्ताच्या आत्ता."

कुणी जागचं हललं नाही. पाहुण्यादेखत दिलेली वस्तू परत न्यायची म्हणजे शेजारणीला चारचौघांत उघडं पाडायचं. ते कुणाच्याने होईना. एक म्हातारी म्हणाली, "आसू दे की गं, सायेब गेल्यावर नेतो आमी."

"न्हाय मावशी. आत्ताच न्या."

तरी कुणी येईना, तेव्हा आक्काने स्वतः टीव्हीवरचा रुमाल काढला, घडी घातली आणि जिचा होता तिच्या हातात दिला. मग टीव्ही. मग फॅन. फॅन थांबला तसे साहेब खिशातल्या रुमालाने मान पुसू लागले. डबे गेले, शेगडी गेली. ज्या खुर्चीवर साहेब बसले होते ती शेवटची राहिली. तिची मालकीण दारात अवघडून उभी. साहेब आपणहून उठले. "न्या, न्या," म्हणाले. कपबशीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हाताने परत केली.

मागे उरली चूल, हाताचं यंत्र, चार पातेली आणि दोरीवर कपडे. आक्काने घोंगडं झटकून जमिनीवर अंथरलं. "हे आमचं हाय. बसा सायेब."

तिची मान ताठ होती. मला त्या वेळी इतका अभिमान वाटला की मला तो लपवता येईना, आणि लपवावा असंही वाटेना. आमच्यात माणूस उपाशी राहील, पण रिकामं घर दाखवणार नाही. तिने सगळ्या आळीसमोर, नवऱ्यासमोर, पोटच्या पोरींसमोर दाखवलं. साहेबही घोंगड्यावर मांडी घालून बसले आणि तिथेच लिहून मोकळे झाले. दीर मात्र केव्हाच निघून गेले होते. कितीतरी दिवस ते आक्काशी कामापुरतंच बोलत.

दसरा उलटल्यावर मंजुरी आली, आणि दिवाळीच्या आधी यंत्र. आळीतल्या बाया यंत्राला कुंकू लावायला आल्या, त्यांत ती टीव्हीवालीसुद्धा होती.

वाडा निघाला त्या सकाळी दीर घोडी लादत होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच एकटे. आक्काने भाकरी बांधून दिल्या. मुली गणवेशात उभ्या होत्या. दोर आवळता आवळता, तिच्याकडे न बघता दीर म्हणाले, "त्या दिशी पोरींसमूर समदं घर रिकामं केलंस. मला लई राग आला व्हता."

"आन् आता?" आक्का म्हणाली.

त्यांनी गाठ मारली, कासरा हातात घेतला.

"आता काय? शाळंची येळ झालीया. पोरींना धाड जा."